उन्हानं न खाल्लेला लाल

भुरीबाईनं बाजेवर जे मोठं विणकाम लावलं होतं त्यात पौष लागेपर्यंत लाल रंग नव्हता. पिवळा होता, राखेत लोळवल्यासारखा निळा होता, वाळल्या पाल्याचा हिरवा होता. लाल तेवढा नव्हता, आणि लालावाचून ते पुरं होणार नाही असं ती म्हणायची.

बाज म्हणजे झोपायचीच बाज, तिच्या सासऱ्याची. तिचं सुंभ कुजून गेलं तेव्हा भुरीबाईनं लाकडी चौकट घराच्या भिंतीला टेकवून उभी केली. खताच्या पोत्यांच्या उसवलेल्या पट्ट्या तिनं वरपासून खालपर्यंत ताणून बांधल्या आणि त्यांच्यातून आडव्या चिंध्या घालायला घेतल्या. त्याला आता काही वर्षं झाली. त्याआधी तांड्यातल्या इतर बायांसारखं ती आरशांचं भरतकाम करायची. "आता सुईत दोरा जात नाही, काका," असं ती मला म्हणाली होती. "पन हात काई गप बसत नाही."

चिंध्या ती बांधांवरून आणायची. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरू नयेत म्हणून लोक शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. पावसाळ्यात बांधलेली साडी उन्हाळ्यापर्यंत विरते, तिचा रंग जातो, वाऱ्यानं तिच्या झिरमिळ्या होतात. मग शेतकरी ती काढून दुसरी बांधतो. ती काढून टाकलेली साडी भुरीबाईची. कापड दुकानातलं नवं फडकं तिला चालत नसे. पेटीत घडी घालून ठेवलेलंही चालत नसे.

"उन्हानं खाल्लेलं पाह्यजे," ती म्हणायची. "न खाल्लेला रंग लय बोलते. दुसऱ्याले बोलूच देत नाही."

पण उन्हानं खाल्लेल्या साड्यांत लाल सापडायचा नाही, कारण लाल सगळ्यात आधी उडतो. निळा टिकतो, काळा तर कितीही दिवस टिकतो. लाल मात्र एका उन्हाळ्यात गुलाबी होतो आणि दुसऱ्यात तो कधी लाल होता हेही कळत नाही. हे मलाही थोडंफार माहीत होतं. माझी सगळी नोकरी मानोऱ्याच्या एका वाचनालयात गेली. तिथं खिडकीजवळच्या कपाटातली लाल कापडी बांधणीची पुस्तकं आधी पांढरी पडायची. आता मी गावात असतो, गाव जिथं संपतं आणि बंजाऱ्यांचा तांडा जिथं सुरू होतो तिथं माझं घर आहे. माणसांशी बोलायची मला फारशी सवय नाही. भुरीबाईच्या अंगणात बसायला मात्र मला आवडायचं, कारण तिथं बोलावं लागत नसे.

तिच्या विणकामात मोर नसायचा, हत्ती नसायचा, वेलबुट्टी नसायची. त्यावरून तिची शेजारीण रंगूबाई तिला रोज छेडायची.

"भुरे, याच्यात मोर कुठं हाय वो?"

"उडाला."

"मंग राह्यलं काय?"

"दुपार हाय ते."

"बाप्पा! दुपारले इतक्या चिंध्या लागते काय?"

मला ती दुपार दिसायची. निदान तसं वाटायचं. वाशीमच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या वैभवी मॅडम वाचनालयातल्या माझ्या एका जुन्या वाचकाच्या ओळखीच्या. माझ्याकडून भुरीबाईबद्दल ऐकून त्या एकदा येऊन गेल्या. बराच वेळ त्या बाजेसमोर उभ्या राहिल्या आणि वाशीमच्या प्रदर्शनात हेच मधोमध लावू म्हणाल्या. फोन माझ्याकडे असल्यामुळे निरोप माझ्यामार्फत जायचे. त्यामुळे मी या गोष्टीत ओढला गेलो. नाहीतर मी कशातच ओढला जाणारा माणूस नाही.

पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी.

साड्यांना डुकरं काही दिवस भितात, मग भीत नाहीत. मग लोक तार लावतात, आणि काही जण त्या तारेत करंट सोडतात. तो गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पलीकडच्या एका गावात शेतावर निघालेला एक माणूस अशा तारेला चिकटून गेला. त्यानंतर आमच्याकडे एक ठराव झाला. तो कुठं लिहिलेला नाही, कुणी कुणाला मोठ्यानं सांगितलेलाही नाही. ज्याच्या तारेत करंट, त्यानं तारेला लाल फडकी बांधायची. लाल दिसलं की माणसानं वळायचं, लांबून जायचं, आणि काही विचारायचं नाही. बाहेरच्या कुणी विचारलंच, हे लाल कशाला, तर सांगायचं, डुकरं लालाला भितात.

पुढे सोलरच्या झटका मशीन आल्या. त्यांचा झटका बसतो, पण माणूस मरत नाही. एकेकानं मशीन घेतली आणि लाल फडक्यांचं काम संपलं. नाल्याकाठच्या शालिग्रामनंही घेतली. त्याच्या तारेवरची जुनी फडकी तशीच राहिली, पांढरी होत होत गळून गेली.

त्या पौषात एका सकाळी मी फाट्यावरच्या हॉटेलात पेपर वाचत बसलो होतो. शालिग्राम आला आणि माझ्या समोरच बसला. पन्नाशीचा, अंगानं आडवा, मनानं वाईट नसलेला माणूस.

"काकाजी, डुकरायनं हरभरा लोळवला माहा. पाहान तं रडान."

मागून कुणीतरी म्हणालं, "अन् तुही झटका मशीन काय झोपली होती?"

"मशीन हाय ना. बॅटरीच चोरून नेली चोट्यायनं. तेवढीच उचलली, मशीन तशीच ठेवली. म्हनलं, माणूस समजदार दिसते."

सगळे हसले.

"मंग आता?"

शालिग्रामनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली. "जुनं ते सोनं," म्हणाला.

पुन्हा सगळे हसले. पण हे हसणं लवकर थांबलं. कुणी शालिग्रामकडे बघेना. माझ्या समोर पेपर होता, मी त्यात मान घातली. मला कळलं होतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं निदान "संभाळून रे बापा" एवढं तरी म्हटलं असतं. मी हवामानाची बातमी दोनदा वाचली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वैभवी मॅडमचा फोन आला की उद्या सकाळी गाडी येते. तो निरोप सांगायला मी दुपारी तांड्यात गेलो, आणि भुरीबाईच्या अंगणात पाय ठेवताच थांबलो.

बाजेवर लाल आला होता.

एका जागी नव्हता. वरच्या कोपऱ्यातून निघाला होता, विझत चाललेल्या पिवळ्याच्या कडेनं उतरला होता, मध्ये तुटला होता, आणि खाली जिथं निळा जड होऊन साचला होता तिथं पुन्हा उगवला होता. आधी ते विणकाम बघताना डोळे फिरत राहायचे. आता ते कुठंही गेले तरी लालाशी येऊन थांबायचे. ते सुंदर होतं यात शंका नाही. तरी मला ते बघवेना आणि नजर काढवेना. हे माझंच काहीतरी असेल असं मी धरून चाललो.

"बोला ना काका," भुरीबाई म्हणाली. ती आनंदात होती. "कसं झालं?"

"लय चांगलं झालं. लाल... हा कुठं भेटला?"

"इचारा त्यायलेच."

तिचा नवरा उदयसिंग बकऱ्या सोडत होता. तो खडी फोडायच्या मशीनवर बरीच वर्षं कामाला होता. तिथं त्याचे कान गेले. ऐकायला फार कमी येतं, आणि म्हणून बोलतो मोठ्यानं. माझं बोट लालाकडे गेलेलं बघून त्यानं छाती पुढे काढली.

"म्या आनला! लाल लाल करून राह्यली होती, झोपू देत नोती. म्हनलं घे लाल!"

"लग्नात बी इतका लाल नोता आनला यायनं," भुरीबाई म्हणाली. त्याला ते ऐकू गेलं नाही, पण ती हसली म्हणून तोही हसला.

मी जवळ जाऊन त्याच्या कानाशी विचारलं, "कुठून आनला?"

"शालिग्रामच्या तारेवरून. नाल्याकडच्या. समदा सोडून आनला, एक बी ठेवला नाही."

"त्याले इचारलं?"

"इचारायचं काय त्याच्यात? त्याच्यापाशी आता मशीन हाय. जुन्या चिंध्या होत्या, वाऱ्यानं उडूनच चालल्या होत्या."

त्यानं काठी उचलली. त्यांची चांदी नावाची पांढरी बकरी नेहमी पुढे चालायची, तिच्या गळ्यात पितळी घंटी होती. चांदी निघाली, बाकीच्या तिच्यामागे निघाल्या, आणि त्यांच्यामागे उदयसिंग. नाल्यापलीकडच्या रानात जायला आणि यायला त्यांची पायवाट शालिग्रामच्या वावरातून होती. नाल्याकडच्या बांधावर तार आडवी यायची, तिथं तो काठीनं तार दाबून पाय टाकायचा आणि बकऱ्या खालून जायच्या.

मी भुरीबाईला गाडीचा निरोप दिला. ती शेवटच्या चिंध्या ठोकून बसवत होती. म्हणाली, "हा लाल नसता भेटला ना काका, तं हे मेलंच होतं."

घरी आलो. चतुराबाईनं, माझ्या बायकोनं, चहा दिला. मी वाचायला पुस्तक उघडलं आणि एकाच ओळीवर अडून बसलो. काहीतरी टोचत होतं आणि ते काय ते सापडत नव्हतं. मग मी पुस्तक मिटलं. त्याची पाठ लाल होती, म्हणजे कधीकाळी होती. आता ती विटलेल्या विटेसारखी दिसत होती. वाचनालयानं निकालात काढलेलं ते पुस्तक होतं, खिडकीजवळच्या कपाटातलं.

लाल आधी उडतो.

मग उदयसिंगनं आणलेला लाल उडलेला का नव्हता?

जुन्या चिंध्या असत्या तर त्या पांढऱ्या असायला हव्या होत्या. शालिग्रामच्या जुन्या चिंध्या पांढऱ्या होऊन गळून गेलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. बाजेवरचा लाल उन्हानं खाल्लेलाच नव्हता. तो याच पौषात बांधलेला होता. बॅटरी चोरीला गेल्यानंतर.

भुरीबाईला रंगांचं सगळं कळायचं. पण ज्या रंगाची इतके दिवस वाट पाहिली तो हातात आल्यावर तो इतका ताजा कसा, हे विचारायला तिला सुचलं नाही. मला सुचलं, पण ते बरोबर आहे असं मला वाटेना. कदाचित त्या चिंध्यांवर बाभळीची सावली असेल. कदाचित शालिग्रामनं उगाच, सवयीनं बांधल्या असतील. कदाचित माझ्या डोळ्यांना आता रंग नीट दिसतच नसतील. म्हातारा माणूस चिंध्यांवरून गावभर बोंब मारत फिरला असं व्हायला नको.

"काय झालं वो?" चतुराबाईनं विचारलं. "पुस्तकाले काहून असे डोये फाडून पाहून राह्यले?"

मी तिला सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"अन् हे तुमी चहा पिऊन, पुस्तक वाचून मंग सांगता? करा फोन त्याले!"

"पन माहं चुकलं असन तं..."

"चुकू द्या. एक डाव चुका ना तोंडानं! मनातल्या मनात तं रोजच चुकता."

मी फोन लावला. शालिग्रामच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"बोला काकाजी. मी वाशीमले हाव."

"शालिग्राम, तुह्या नाल्याकडच्या तारेत..." मला तो शब्द उच्चारता येईना. आमच्याकडे तो कुणी उच्चारत नाही. "तारेत काही हाय काय?"

"चिंध्या बांधल्या हायेत ना नव्या. लाल. ज्याले समजायचं त्याले समजते."

"चिंध्या नाहीत तिथं."

"काहून नाहीत?"

"उदयसिंगनं सोडून नेल्या. आज तो त्याच वाटेनं येनार हाय. बकऱ्या घेऊन."

"आरे देवा," शालिग्राम म्हणाला. मग स्वतःलाच समजावल्यासारखा म्हणाला, "पन शेतीची लाईन तं रात्रीची हाय या हप्त्यात. मोटारीच्या पेटीतूनच जोडली हाय, लाईन आल्याशिवाय तारेत काई येत नाही. तोवर तो घरी येऊन जाते. कायजी नका करू."

आमच्या ओसरीतून शालिग्रामचं मोटारघर दिसतं. लाईन आली हे लांबून कळावं म्हणून त्यानं त्याच्या दारावर एक बल्ब कायमचा चालू ठेवलेला असतो. सूर्य टेकायला आला होता. मोटारघर तुरीच्या रांगेमागे काळं पडत चाललं होतं, आणि त्या काळ्यात एक पिवळा ठिपका होता.

"शालिग्राम," मी म्हणालो. "बल्ब लागला हाय."

शालिग्राम फोनवरच कुणाला तरी गाडी काढ म्हणून ओरडला.

"बंद कोन करन?" मी विचारलं.

"पेटीले कुलूप हाय, काकाजी. चाबी माह्या खिशात हाय."

मी चपला न घालताच निघालो. चतुराबाई मागून ओरडत होती की ती लाईनमनच्या घरी जाते, त्याला सांगते. तो घरी सापडेल की नाही कुणास ठाऊक. तांड्यापर्यंतचा रस्ता चढाचा आहे, मला धाप लागली, आणि भुरीबाईसमोर उभा राहिलो तेव्हा सगळी वाक्यं विसरली होती. मी बोटानं बाजेकडे दाखवलं आणि म्हणालो, "हा लाल नवा हाय. तार जिवंत हाय. बल्ब लागला."

तिनं विणकामाकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती विचारेल, खात्री हाय काय, कोन सांगतलं. लालाकडे ती क्षणभरच बघत राहिली, पण त्या क्षणात तिला सगळं कळलं हे मी तिच्या तोंडावरून पाहिलं. मग तिनं चुलीपाशी पडलेला विळा घेतला आणि बाजेच्या आधी खालच्या, मग वरच्या पट्ट्या कापायला सुरुवात केली. रंगूबाई तिच्या ओट्यावरून ओरडली, "अवं भुरे, येडी झाली काय? उद्या गाडी येनार हाय नं!" विणकाम एकदम सुटून तिच्या अंगावर आलं. ते खांद्यावर टाकून ती पळाली. मी मागून पळालो, पळणं म्हणतात ते मला जितकं जमतं तितकं.

शालिग्रामचं वावर उताराचं आहे. डुकरं फक्त नाल्याकडून येतात म्हणून तार फक्त खालच्या बांधावर होती. हरभऱ्यात डुकरांनी खणलेले खड्डे होते. मी एकदा पडलो, उठलो. वारा आमच्या तोंडावर येत होता. त्या वाऱ्यावर आधी घंटी ऐकू आली, आणि मग नाल्याच्या काठावर चांदी दिसली, तिच्यामागे बाकीच्या, आणि सगळ्यात मागे उदयसिंगचा पांढरा फेटा.

भुरीबाई ओरडली. त्यांच्या बोलीत ओरडली, दोनदा, तीनदा. आवाज वाऱ्यानं उलटा आमच्याच मागे नेला. तसाही त्याला तो ऐकू आला नसता. खाली मान घालून, पायाखालची वाट बघत, तार दाबायला नेहमीसारखा बकऱ्यांच्या पुढे होत तो चढत होता. तार संधिप्रकाशात दिसतच नव्हती. ती कुठं आहे हे फक्त ज्यांना ठाऊक होतं त्यांना ठाऊक होतं.

मीही ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. हे मी इथं लिहितो कारण ते तसं झालं.

"धरा काका!" भुरीबाई म्हणाली, आणि विणकामाचं एक टोक माझ्या हातात कोंबलं. ती दुसरं टोक घेऊन बाजूला धावली. ते आमच्या मध्ये ताणलं गेलं, पुरुषभर उंच, वाऱ्यानं फुगलेलं. मला हात वर करून उभं राहायचं होतं आणि मी राहिलो. मावळतीचा उजेड आमच्या मागून त्यावर आला असेल. समोरून ते कसं दिसत होतं मला माहीत नाही. मी मागच्या बाजूला होतो, मला फक्त लालाच्या गाठी दिसत होत्या.

उदयसिंगनं मान वर केली आणि थांबला.

आमच्या गावात लाल दिसला की माणूस थांबतो. तो का थांबला हे त्यालाही तेव्हा सांगता आलं नसतं. काठी त्यानं तार दाबायला पुढे केलेली होती, ती तशीच हवेत राहिली. मग तो हसला आणि त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "आज कायले काढलं ते? गाडी तं उद्या येते नं!"

चांदीला लाल कळत नव्हता. ती रोजच्यासारखी तारेखाली मान घालून पुढे आली.

आवाज फार लहान होता, वाळकी काडी मोडावी तेवढा. घंटी एकदा वाजली. मग चांदी बांधावर आडवी होती आणि तिचे पाय ताठ होत होते. उदयसिंग तिच्याकडे वाकायला लागला, तेव्हा भुरीबाई ते लाल तसंच वर धरून एक पाऊल पुढे गेली, अजून एक पाऊल, आणि तिनं नुसती मान हलवली. नाही. नाही. तो वाकलेला तसाच राहिला. मग हळूहळू सरळ झाला, आणि मागे सरला, आणि मागच्या बकऱ्यांना काठीनं नाल्यात परतवू लागला. त्याचे ओठ हलत होते, पण पहिल्यांदाच त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता.

लाईनमन सापडला नाही. शालिग्राम चाबी घेऊन येईपर्यंत बल्ब जळत होता. तोवर भुरीबाईनं आणि मी ते विणकाम बाभळीच्या दोन खुंटांना बांधलं, तारेच्या अलीकडे, वाटेवर तोंड करून. आमचे हात तारेपासून वीतभर अंतरावर होते. मला सारखं वाटत होतं की तारेतून बारीक गुणगुण येते आहे. तसं काही ऐकू येत नाही म्हणतात.

सकाळी वैभवी मॅडम गाडी घेऊन आल्या. बाज रिकामी बघून त्या गोंधळल्या, मग कुणीतरी त्यांना वावरात आणलं. तिथं शालिग्राम होता, उदयसिंग होता, तांड्यातली आणि गावातली माणसं होती. चांदीला पहाटेच पुरलं होतं. विणकाम वाऱ्यावर हलत होतं. मॅडम बघतच राहिल्या.

"इथे? शेतात?" त्या म्हणाल्या. "किती योग्य जागा आहे! भुरीबाई, हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

"हे देता येत नाही, बाई," भुरीबाई म्हणाली. "दुसरे लहान हायेत घरी, ते न्या."

"पण का?"

शालिग्राम जमिनीकडे बघत होता. उदयसिंगला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण तोही जमिनीकडे बघत होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यांच्याशी फोनवर बोलणारा मी होतो, पुस्तकं वाचलेला मी होतो. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"डुकरं लालाला भितात," मी म्हणालो.

मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी फोटो काढले आणि लहान विणकामं घेऊन त्या गेल्या.

शालिग्राम म्हणतो, जोडणी काढली. पेटीत हात घालून सोडवून टाकली, कायमची. मला त्याच्यावर विश्वास ठेवायला आवडेल. पण तार तिथंच आहे, डुकरं अजून येतात, आणि नवी बॅटरी त्यानं आणलेली कुणी पाहिली नाही. तार जिवंत आहे की मेलेली हे नुसतं बघून कळत नाही, आणि हात लावून बघणारा कुणी नाही. उदयसिंग आता बकऱ्या लांबच्या वाटेनं नेतो. पण ऊसतोडीला गेलेला त्यांचा मुलगा बादल आणि तांड्यातली बाकीची माणसं उन्हाळा लागला की परत येतील. त्यांना या पौषातलं काही माहीत नाही. रानातून आडवं घरी यायला ती वाट सगळ्यात जवळची आहे.

तेव्हापासून रोज सांजेला मी ओसरीत बसतो आणि खाली बघतो. आधी तो लाल इथून दिसायचा, तुरीच्या मागे जखमेसारखा. शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं. मग मला वाटायला लागलं की तो कमी दिसतो. एकदा वाटलं हवेत धूळ असेल. एकदा चष्मा पुसला. चतुराबाईला विचारलं, ती म्हणाली तिला काळ्या बैलाहून लहान काही इथून दिसत नाही.

काल मी तांड्यात गेलो. भुरीबाई रिकाम्या बाजेवर नव्या पट्ट्या ताणत होती. मी तिला पट्ट्यांची टोकं धरून देत बसलो. खाली मोटारघरावरचा बल्ब लागला. तेव्हा मी विचारलं.

"भुरीबाई, तो लाल थोडा पांढरा पडल्यासारखा दिसते. की माह्याच डोळ्यायले काही झालं?"

तिनं गाठ आवळली. मागे वळून न बघता म्हणाली,

"तुमच्या डोळ्यायले काई नाही झालं, काका."